खाजवायचं नाटक

३ फेब्रुवारी

तळपाय! बुटात हात घालून खाजवावेत असे खाजतात. जळगाव-धुळे फेरी, गाडी खच्चून भरलेली, एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्याने दांडी धरायची – आणि खाज सुटलीय तळपायांना आणि तळहातांना. पुरळ नाही, फोड नाही, काही दिसत नाही. नुसती खाज. एरंडोलला एक म्हातारी चढली. तिकीट घेताना माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. म्हणाली, “बाई, तुना डोया पिवळा दखातस.” मी म्हटलं, आजी, आधी सुट्टे काढा.

घरी आल्यावर नवऱ्याने, नवलने, ट्यूबलाइटखाली उभं करून पापणी वर ओढली. आणि लगेच डॉक्टरांचा नंबर शोधायला लागला.

५ फेब्रुवारी

कावीळच. लघवी कोऱ्या चहासारखी. डेपोतून रजा घेतली.

सोनोग्राफीत खडा नाही. मोठी नळी मोकळी. कावीळ पसरवणारे जंतू पण नाहीत. मग काय आहे? लिव्हरच्या डॉक्टर हेमांगी मॅडम – माझ्याहून लहान असतील – शांतपणे विचारत होत्या, “गेल्या दोन महिन्यांत कुठल्या गोळ्या खाल्ल्या?” मी म्हटलं, कुठल्याच नाही. नवल मागून ओरडला, “दाढ!” हो की. जानेवारीत दाढ सुजली होती, दाताच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं होतं. पण ते संपून तर तीन आठवडे झाले! मॅडम म्हणाल्या, “असंच होतं. गोळ्या संपल्यावर उगवतं.”

खाज थांबवायला पावडर दिलीय. पाण्यात ढवळून प्यायची. नदीची वाळू प्याल्यासारखं वाटतं.

६ फेब्रुवारी

लिहिताना एक हात तरी अडकून राहतो. म्हणून लिहितेय. बाकी कारण नाही.

११ फेब्रुवारी

सुई घालून लिव्हरचा बारीक तुकडा काढला होता, त्याचं उत्तर आलं. मॅडमनी चित्र काढून दाखवलं. लिव्हरच्या आत पित्ताच्या केसाएवढ्या नळ्या असतात, हजारो. माझ्या त्या नळ्यांनी मार खाल्लाय. बऱ्याच तर दिसतच नाहीत. पित्त जाणार कुठून? म्हणून रक्तात. म्हणून खाज.

मी विचारलं, चूक कोणाची? गोळी खोटी होती? डोस जास्त झाला? मॅडम म्हणाल्या, “गोळी बरोबर, डोस बरोबर, डॉक्टरही बरोबर. हजारोंत एखाद्याच्या शरीराला ती मानवत नाही. तुम्हाला पुन्हा कधीच घेता येणार नाही, एवढं मात्र पाठ करा.”

वा! कुणावर चिडायची सोयसुद्धा नाही! मी बारा वर्षं या गाडीत भांडतेय – बिनतिकिटवाल्यांशी, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांशी. समोर माणूस तर हवा ना भांडायला. उपाय काय, तर म्हणे वाट बघा. लिव्हर स्वतःला दुरुस्त करतं. नळ्या परत येतात. किती दिवसांत? “महिने लागतात. काहींना वर्ष.” आणि नाही आल्या तर? मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. “तेव्हाचं तेव्हा बघू.”

१४ फेब्रुवारी

गावाहून, दोंडाईच्याजवळून, आई आली. दोंडाईच्याच्या कुण्या माणसाकडून काविळीची माळ आणलीय. मुळ्यांचे इवले इवले तुकडे दोऱ्यात गुंफलेले. डोक्यावर ठेवायची. तुकडे वाळतात, माळ सैल होते, डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून कमरेला उतरते. आई म्हणते, “पायलोंग उनी का बठ्ठी कावीळ उतरी जाई. डॉक्टरले काय समजस?” आईचं नाव धुरपदाबाई आहे, वाद घालून कुणी जिंकलेलं नाही. माळ घातली. सोबतची हिरवी पावडर मात्र मोरीत ओतली. एका गोळीने हे दिवस दाखवले, आता पावडरीचा जुगार कोण खेळणार!

आईने स्वयंपाकघरातून हळदीचा डबा उचलून माळ्यावर टाकला. तेलही बंद. मॅडम म्हणाल्या होत्या सगळं खा. आईपुढे मॅडम कोण!

२२ फेब्रुवारी

काविळीचा आकडा आणखी चढला. मॅडमनी आज तो शब्द काढलाच. लिव्हर बदलणं. “लगेच नाही. नळ्या आल्याच नाहीत तरच. पण घरातलं कोण देऊ शकेल, हे डोक्यात असू द्या.” जिवंत माणसाच्या लिव्हरचा तुकडा कापून देतात म्हणे, आणि दोन्हीकडे ते पुन्हा वाढतं. ऐकायला किती सोपं.

घरातलं कोण? आईला साखर, वय. नवलचा रक्तगट जुळत नाही – बिचारा मॅडमच्या टेबलासमोरच रडला. राहिला कोण? हितेंद्र.

माझा सख्खा भाऊ. सकाळी दहा वाजता ज्याच्या तोंडाला वास येतो तो. त्याची बायको चारुलता दोन वर्षांपासून मुलीला, भूमिकाला, घेऊन धुळ्यात देवपूरला माहेरी राहते, शाळेत शिकवते. लग्नाला जाऊन आडवा पडला, वडिलांच्या, आबांच्या, दहाव्याला आडवा पडला. त्याचं लिव्हर! हसूच आलं मला. मग रडू.

२३ फेब्रुवारी

मी त्याच्याकडे कधीच काही मागितलं नाही. भाऊबीजेला ओवाळणीसुद्धा आईच त्याच्या मुठीत कोंबायची. आज फोन केला. चांगलं बोलायचं ठरवलं होतं, पण तोंडून निघालं ते भांडणच. म्हटलं, “मी मरी राहिनू. तुनं लिव्हर लागी माले. देशी का नही, एक सांग!”

तो म्हणाला, “ले ना, अक्का.”

पिऊन होता. उद्या आठवणार नाही.

२५ फेब्रुवारी

आला! दाढी करून आला. हातातली चहाची बशी नुसती वाजत होती. मॅडमनी सरळ सांगितलं – आधी दारू पूर्ण बंद, मग तपासण्या, आणि एकदम बंद करायची तर डॉक्टरांच्या देखरेखीत, नाहीतर जिवावर बेतेल. तो म्हणाला, धुळ्यालाच दवाखान्यात भरती होतो, घरून जवळ पडेल. स्वतः म्हणाला!

३ मार्च

पाच दिवस कसे गेले त्याचे, आईने सांगितलं. भिंतीवर मुंग्या दिसायच्या म्हणे. एका रात्री आईला ओळखलं नाही. आज घरी सोडलं.

१० मार्च

हितेंद्रचा फोन. “धुळ्यालेच तपासण्या व्हयन्यात. बठ्ठं चांगलं शे. तू आते बिनघोर झोप.”

आणि झोपले मी! दुपारी दोन तास, खाजेसकट. फेब्रुवारीपासून अशी झोप नव्हती.

१४ मार्च

काल होळी होती, आज धुळवड. दिवसभर फोनकडे बघत होते. संध्याकाळी त्याने स्वतःच केला. पोरं बाटली घेऊन आली होती, याने दार लावून घेतलं. म्हणाला, “त्यास्ले सांगं, हाई लिव्हर आते मनं नही, अक्कानं शे. भाड्यानी वस्तू शे, खराब कशी करू?”

नवल हसून हसून खोकला.

१९ मार्च

खाज. खाज. खाज. झाडूचा बुंधा घेऊन तळपाय घासले. रक्त आलं.

२९ मार्च

बसवत नाही. उभं राहिलं तर चालवत नाही. बारा वर्षं मी पळत्या गाडीत उभी राहिलेय, आता थांबलेल्या घरात तोल जातो. शेजारीण दारातूनच विचारपूस करते – कावीळ लागेल म्हणून! ही लागणारी नाही गं बाई, ही माझी एकटीची आहे, किती वेळा सांगायचं? माळ गळ्यापर्यंत आलीय. आकडा आहे तिथेच आहे. खाली नाही, वरही नाही. मॅडम म्हणतात, वर नाही हेच पुष्कळ.

५ एप्रिल

आज मॅडम हसल्या. थोडा उतरलाय.

१२ एप्रिल

आणखी उतरला. बराच! मॅडमनी आधीचे सगळे आकडे एका ओळीत लावून दाखवले. “नळ्या परत येताहेत, सुलक्षणाताई. बदलायची गोष्ट आता डोक्यातून काढून टाका. शरीर आपलं काम करतंय.” मी खुर्चीतच रडले. नवलने मॅडमना पेढे द्यायचं कबूल केलं. मॅडम म्हणाल्या, पेढे नकोत, तेवढ्या त्या गोळीचं नाव विसरू नका.

रिक्षात बसल्या बसल्या हितेंद्रला फोन लावला. मी बोलायच्या आत तोच म्हणाला, “अक्का, चारू उनी व्हती! भूमिकाले लेईन. दोन तास बसनी. चहा पिनी.” त्याचा आवाज असा मी लहानपणानंतर ऐकला नव्हता. चारुलता त्याला म्हणाली म्हणे – ताईंसाठी का होईना, तुम्ही सोडली, मी बघतेय.

ताईंसाठी.

मग त्याने विचारलं, मॅडम काय म्हणाल्या? मी म्हटलं, आहे तसंच आहे.

नवल माझ्याकडे बघतच राहिला.

१३ एप्रिल

भांडण. नवल म्हणतो, खोटं बोललीस. बोलले! मी बरी झाले म्हणून सांगितलं की तो काय करणार? कशासाठी थांबणार? पन्नास दिवस झालेत फक्त. माझ्यासाठी सोडलीय त्याने, मीच त्या बाटलीचं बूच आहे. बूच काढू?

नवल म्हणाला, “आणि तुझे डोळे पांढरे झाल्यावर काय करशील?”

ते खरंय.

१७ एप्रिल

तळपाय खाजले नाहीत. दिवसभर. संध्याकाळी लक्षात आलं. आनंदाने नाचावं की घाबरावं कळेना.

२८ एप्रिल

परवा आखाजी, अक्षय्य तृतीया. गेली कित्येक वर्षं मला न्यायला कुणी मुऱ्हाळी आला नाही. यायचा तो पारोळ्यालाच उतरून गुत्त्यावर बसायचा. मग मीच माझ्याच एसटीच्या पासवर माहेरी जायचे. आज हितेंद्र दारात उभा! इस्त्रीचा शर्ट. गालावर मांस चढलंय. माझी पिशवी हातातून ओढून घेतली – “तू उचलू नको.”

आणि मी? आतल्या खोलीत जाऊन पिवळी साडी नेसले. पिवळ्या साडीत तोंड पिवळं दिसतं. कपाळाला हळदही लावली, थोडी गालावर ओढली. आईने माळ्यावर टाकलेला डबा मीच शिडी लावून काढला. नवल म्हणाला, तू नाटकात जायला हवं होतंस.

गाडीत वाटेत तीनदा हात खाजवले. मुद्दाम. अडीच महिने खाज सहन केली ती कमी पडली, आता खाजवायचं नाटक करतेय!

३० एप्रिल

आखाजी. आबांच्या नावाची घागर पुजली. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस. गल्लीत निंबाला झोके. बाया गाणी म्हणत होत्या. मला कुणी झोक्यावर बसू दिलं नाही, “आजारी शे ती.” मला इतकं बसावंसं वाटत होतं!

चारुलता आणि भूमिका आल्या होत्या. दुपारी चारुलता माझ्याजवळ बसली. म्हणाली, “ताई, एक सांगू? तुम्ही आजारी पडलात याचं मला वाईट वाटतं. आणि वाटतही नाही. रागावू नका.” मी कशाची रागावते! मी तिचा हात धरून दुसऱ्या हाताने दंड खाजवला.

हितेंद्र पंगतीत तळलेलं काही घेत नव्हता. कुणी कुरडई वाढली तर दोन्ही हात ताटावर. पोटावर तळवा ठेवून फिरतो, जसं काही आत पाहुणा बसलाय. मला म्हणाला, मॅडमना विचार, कधी करायचं. कपाशी लावून झाली की मी मोकळा.

आई मात्र वाळलीय. विचारलं तेव्हा भूमिकाने सांगून टाकलं – आजी एक वेळच जेवते, तुम्ही बऱ्या होईपर्यंत. साखरेची गोळी खाऊन, एक वेळ! मी उठून परसात गेले. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

१ मे

आईला सांगितलं. फक्त आईला. ती कितीतरी वेळ माझ्या पापण्या वर ओढून ओढून बघत बसली. मग म्हणाली, माळ कमरेलोंग उनी ना, सांगं व्हतं मी! मग मी म्हटलं, हितेंद्रला सांगू नकोस, तो पुन्हा पिईल. आईचं तोंड उतरलं. पदराने हळद पुसली माझ्या गालावरची, थांबली, आणि पुन्हा लावली.

१९ मे

जळगावात ऊन असं की कूलरमधूनही गरम हवा. तरी खाज नाही. भूक लागते. शेवभाजी खाल्ली, झणझणीत, पचली. असं बरं होण्याची सुद्धा चोरी!

२६ मे

चारुलता कायमची राहायला आली गावी. शाळेला सुट्टी आहे म्हणून नाही, कायमची. जूनपासून शाळेला दोंडाईच्याहून ये-जा करणार.

हितेंद्र फोनवर म्हणाला, “तुना उपकार शेतस.” उपकार कसले रे. फसवतेय मी तुला.

७ जून

आकडे जवळजवळ सरळ. मॅडमनी ड्यूटीवर जायचा दाखला दिला. सोमवार, सोळा तारखेपासून. एक-दोन आकडे अजून जड आहेत, त्यांना वेळ लागेल. म्हणाल्या, “लिव्हर चिकट असतं. सोडत नाही.”

खाकी साडी इस्त्री करून ठेवली. आणि तेव्हा डोक्यात आलं – मी धुळ्याच्या गाडीत उभी राहिले की अर्ध्या खान्देशला दिसणार. आठवड्यात गावात बातमी. त्याला दुसऱ्याकडून कळलं तर?

९ जून

हितेंद्रचा फोन. बी लावून झालं. शेत बघायला शेजारच्या रतिलालला सांगून ठेवलंय, महिनाभर. “आते तारीख ले, अक्का. टाळू नको.”

मी नुसतं हं म्हटलं.

१२ जून

नवल – “तू सांगतेस की मी सांगू?”

१४ जून

गेले गावी. सांगितलं. चारुलता, आई समोर होत्या. पिवळी साडी नाही, हळद नाही. म्हटलं, मी बरी झालेय. एप्रिलपासूनच. तुझं काही नको आता. खाजवत होते ते नाटक होतं.

वाटलं होतं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. त्याने पोटावरचा हात खाली घेतला. मोटरसायकल काढली आणि गेला.

मी निघाले तेव्हा चारुलता भूमिकाचे कपडे घडी करत होती. वाळलेले म्हणून, की बॅगेत भरायला – विचारायची छाती झाली नाही.

१५ जून

फोन बंद. आई म्हणते रात्री घरी आला नाही. नवल गुत्त्यांजवळच्या ओळखीच्यांना फोन करतोय. कुठेच नाही. मला बसवत नाही. तळपाय चांगले आहेत आणि मी घरभर फिरतेय. बरी झाले कशाला! सुटलं बूच. मीच काढलं.

पुन्हा फोन. बंद.

१६ जून

पहिली ड्यूटी. धुळ्याच्या स्टँडवर गाडी लागली तर दारात हितेंद्र उभा. आधी मी त्याचं तोंड हुंगलं, सगळ्यांसमोर. वास नव्हता. दोन रात्री देवपूरला सासऱ्यांकडे होता. म्हणाला, आधी त्यांना खरं सांगायचं होतं, मग तुला. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, प्रवासी ओरडत होते, गाडी उशिरा सुटली.

“अक्का, मनं लिव्हर तं मार्चमाच नापास व्हयनं व्हतं. पहिल्याच तपासणीले. चरबी, सूज, डाग – डॉक्टर म्हने हाई कोनलेच देता येवाव नही.”

मी म्हटलं, मंग तीन महिना कोनासाठी सोडी तू?

“वाटनं, सोडी का सुधरी जाई, मंग देसू. तू जलममा पहिल्यांदा मनाकडे काही मांगं. नही कसं म्हनू?”